परड्यातली देवाची वाट

आत्याबाई, आज सकाळधरनं मी तुमच्यावर रागावलीया. ऐकायला घरात कोण न्हाय, म्हणून लिवायला बसले. तुम्ही जाऊन चौदा वर्सं झाली, तवा उलटं ऐकून घ्यायची भीती न्हाय. असतासा तर पैल्याच ओळीला म्हणाला असतासा, "सातवी झालीस म्हणून आता मला बी कागदावर घेतीस व्हय ग?" व्हय, घेते. तोंडानं तुमच्याफुडं कवा जिंकता आलं न्हाय, कागदावर तरी जिंकू द्या. घराम्हागच्या परड्यातली तारंची जाळी गंजून पार पापडागत झालीया, हात लावला की तुकडा पडतोय. परवाच्या वाऱ्यात वढ्याकडची बाजू अर्धी आडवी झाली. मी सकाळी पक्कड घिऊन जुन्या तारा सोडवाय बसले. दोन सुटल्या, तिसरीनं अंगठा फाडला. हळद दाबून बसलीया आणि कोंबड्या बाजूला उभ्या राहून माझ्याकडं बघत्यात, मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून. अगदी तुम्ही बघायचासा तसं. ह्यास्नी कुणी शिकवलं कुणास ठावं.

पैल्यापासनं लिवते, म्हंजे तुम्हाला मधनं कुठं सटकता येणार न्हाय. तुमचा धाकला ल्योक, माझा नवरा, जाऊन दुसरं वरीस लागलं हुतं. मला पोरबाळ न्हाय, घरात आपण दोघी, दोघी बी मोकळ्या कपाळाच्या. थोरलं दीर शाहूपुरीत एका पेढीवर कामाला. ते आलं, चा प्यालं, बशी खाली ठिवली आणि म्हणालं, "आई, तू आता कोल्हापूरला चल. हिला हिच्या भावाकडं कुरुंदवाडला पोचवू. घराला कुलूप लावू आणि परडं कुणालातरी भाड्यानं दिऊ." ही म्हंजे मी. मी तिथंच चुलीपाशी बसलीवती, पण बोलणं असं चाललंवतं की जणू कोपऱ्यातल्या पाट्यावरवंट्याचं चाललंय, कुणाच्या गाडीत घालायचा म्हणून. माझा भाऊ वाईट न्हाय. पण भावाच्या घरात मी कोण? सकाळी उठून भावजयीला इचारायचं, आज भाकरी किती थापू म्हणून. मला माझी चूल आणि माझं दार पायजे हुतं, दुसरं काय न्हाय. गुरांच्या दवाखान्यातला कंपौंडर त्याच आठवड्यात पंचायतीत सांगून गेलता की बायकांना सुधारित जातीच्या कोंबड्या द्यायच्या हायत, आणि मी नाव घालून आलीवती. मी चुलीपासनंच बोलले, "मी कोंबड्या पाळणार हाय. आत्याबाई आणि मी हितंच ऱ्हाणार." थोरलं दीर हसलं. म्हणालं, "दिवाळीपतोर बघू. दिवाळीला कोंबड्या जित्या असल्या आणि दोघींचं भागत असलं तर ऱ्हावा. न्हाईतर मी येतानाच गाडी घिऊन येतो." तुम्ही सुपारी कातरत बसलासा.

वीस कोंबड्या आल्या. पांढऱ्याफेक, दिसायला देखण्या आणि डोक्यानं रिकाम्या. आपली गावठी कोंबडी घारीची सावली पडली की पिल्लं घिऊन घरात घुसती. ह्या बाया मान वर करून घारीकडं बघत बसायच्या, वळख लागती का म्हणून. तवा त्यास्नी मोकळं सोडायची सोय न्हाय, आणि कंपौंडर म्हणाला, दाटीवाटीनं कोंडल्या तर एकमेकीची पिसं उपटून रगत काढत्यात. सगळंच्या सगळं परडं जाळीत घ्यायचं. त्यानं कागदावर चित्र काढून दिलं. जाळी हातभर मातीत पुरायची म्हंजे मुंगूस खालनं उकरून येत न्हाय, वरनं घारीसाठी जाळं, एका कोपऱ्यात सावली, दुसऱ्या कोपऱ्यात अंग घोळायला राखेचा खड्डा. मी कागद वाचून दाखवला तर तुम्ही म्हणालासा, "कोंबडीला न्हाणीघर बी सांगतंय का सरकार? मी बाळंत झाले तवा अंगाखाली वल्ली जमीन हुती. तवा कुठं गेलतं हे सरकार?" हसून हसून माझ्या डोळ्यात पाणी आलं. तुम्ही मातूर हसला न्हाईसा.

दोन्ही अंगाला भिंती आयत्याच हुत्या, डावीकडं शेजाऱ्याची आणि उजवीकडं आपल्या गोठ्याची. म्हागचं दार लावलं की घराची बाजू मिटली. राह्यली फक्त वढ्याकडची, ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपतोर. भाऊ मला न्यायला म्हणून आलता, त्याला मी नदीवरच्या माणसांकडनं मासं धरायची जुनी जाळी आणायला परत धाडला. ती वरनं ताणली. सावलीला उसाचं पाचट घातलं. बाभळीचं खांब मीच पुरलं, पहार घिऊन, चार दिवस. हाताची सालटं निघाली. तारंच्या जाळीची गुंडाळी तर माझ्या जन्माची वैरीण. एका टोकावर पाय दिला की दुसरं टोक सुटून पाठीत बसायचं. तुम्ही म्हागच्या दाराच्या वट्यावर बसून म्हणायचासा, "तिकडनं धर. तिकडनं न्हाय ग, तिकडनं." एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, वाईच उठून धरतासा का तुम्हीच?" तर म्हणालासा, "मी धरलं तर तुला सांगंल कोण?" शेवटी दोन घरं सोडून ऱ्हाणारं चाचा आलं, पत्र्याचं काम करायचं ते. त्येंनी पक्कड, कात्री आणली आणि त्या जाळीला बोटानं धरून वळवायची युगत मला दावली. तवा कुठं काम सरकाय लागलं.

सहा खांब हुबं झालं. सातव्याला मी पहार घातली आणि तुम्ही वट्यावरनं उठलासा.

"तिथं न्हाय."

"का न्हाय?"

"तिथनं वाट हाय."

"कुणाची वाट? हितनं तर कोण जात न्हाय."

"देवाची."

गोठ्याच्या कोपऱ्यातला शेंदराचा दगड, आपला म्हसोबा, तिथनं पहाटं देव वढ्याला आंघोळीला जातो, त्याची वाट आडवली तर घर बसतंय, असं तुम्ही सांगितलंसा. मामंजींनी बी एकदा हितं भिंत घालायला काढलीवती, तवा तुम्ही पायाच्या खड्ड्यात जाऊन बसलीवतीसा आणि भिंत ऱ्हायली ती ऱ्हायलीच. मी सात वर्सं ह्या घरात नांदत हुते, ह्या वाटंचं एक अक्षर कवा ऐकलं नव्हतं. चाचांनी कात्री खाली ठिवली.

"किती रुंद सोडू भाभी?"

"दोन हात."

मला ऱ्हावलं न्हाय. "दोन हात? देव काय म्हशीवर बसून जातोय व्हय आंघोळीला?"

"जीभ झडंल तुझी!"

चाचा म्हणालं, "हे बघ बेटी, तुमच्या देवाचं माप काय मी घेत न्हाय. भाभी सांगतील तिथं तार कापतो. म्होरं तुम्ही सासूसुना हाईसा आणि तुमचा देव हाय."

मी सरळ इचारानं बोलले, "मग फाटक करू या तिथं. चाचा पत्र्याचं करून देतील. कडी लावायची, देवाच्या येळंला काढायची." तर तुम्ही माझ्याच अंगावर आलासा. "देव काय कडी काढत बसंल व्हय ग? आणि भायरनं आला तर? आतली कडी भायरनं काढायची कुणी?" मी म्हटलं, "कडी निघत न्हाय त्यो देव कसला, आत्याबाई?" तुम्ही माझ्याकडं असं बघितलंसा की मी पहार उचलली आणि दोन हात सोडून म्होरं खड्डा घेतला. झालं. तीन बाजूनं किल्ला आणि चवथ्या बाजूला दोन हाताचं भगदाड. हातभर जाळी पुरलेली, वर दगडं दाबलेली, माशाचं जाळं ताणलेलं, आणि मधी सताड उघडी वाट. कंपौंडर बघायला आला तवा भगदाडातनं दोनदा आत-भायर झाला आणि म्हणाला, "बाई, मुंगसाला आता पाटी लावा. या, बसा."

काय काय केलं म्हणून मी त्या भगदाडाला! गोणपाट सोडलं. गोणपाट चालंल म्हणालासा, देव सारून जाईल. कोंबड्या बी सारून जायच्या. खाली फळी हुबी केली, त्या फळीवर चढून बसाय लागल्या आणि तिथनं वढ्याकडं उड्या. मग मीच काठी घिऊन तिथं बसाय लागले. भगदाडात बसून शेंगा फोडायच्या, भगदाडात बसून तांदूळ निवडायचं. येणारी जाणारी बाई वढ्यापल्याडनं इचारायची, "काय ग, घरातनं भायर काढलं का काय सासूनं?" भाकरी करायला आत गेलं की तेवढ्यात घात व्हायचा. आठवड्यात दोन वढ्यात गेल्या, कुत्र्यांनी धरल्या. मग मुंगूस आलं. दिवसाढवळ्या. पैल्यांदा धरलं त्या एकीला, जिला मी तलाठीण म्हणायची, कारण चालताना सगळ्या परड्याची मोजणी करत चालायची. तिनंच पैलं अंडं दिलंवतं. मान तेवढी तोडली, खाल्लं काय न्हाय, नुसती टाकून गेलं. पांढऱ्या पिसावर एवढंसंच रगत. मी तिला गोठ्याम्हागं पुरली आणि तुमच्यावर तोंड टाकलं. त्यानंतर आणि तीन.

"विसाच्या चौदा ऱ्हायल्या, आत्याबाई! दिवाळी महिन्यावर आलीया. मला कुरुंदवाडला धाडायचं असंल तर तसं सांगा की. कोंबड्यांचा जीव कशाला घेतासा?"

तुम्ही चुलीत फुंकर घालत हुतासा. तोंड वर न करता म्हणालासा, "तुला जायचं न्हाय, म्हाईत हाय मला. मला बी कोल्हापूरला जायचं न्हाय. पण वाट बंद हुणार न्हाय." मी तुमच्या त्या फुंकणीकडं बघत ऱ्हायले. दोघींना हितंच ऱ्हायचं हाय, दोघींना म्हाईत हाय की ऱ्हाणं ह्या कोंबड्यांवर हाय, आणि एक बाई एका दगडापायी दोघींचं घर मुंगसाच्या तोंडात देतीया. मला तुमची फुंकणी हिसकून घ्यावी वाटली. अजून बी वाटतंय.

घट बसायच्या आदल्या दिशी तुम्ही देवळात गेलासा. मी चाचांच्याकडनं उरलेली जाळी आणली. हातभर उकरलं, जाळी पुरली, दगडं दाबली, दोन्ही खांबांना तारंनं आवळून टाकली. भगदाड हुतं असं सांगितलं तरी पटू नये अशी. चाचा भिंतीवरनं बघत हुतं.

"भाभीला इचारलंस का ग?"

"देवालाच इचारलं, चाचा. चालतंय म्हणाला."

ते हसलं न्हाईत. मी मातूर हसले, आणि हात धुऊन भांडणाची तयारी करून बसले. तुम्ही काय म्हणालासा तर मी काय म्हणायचं, सगळं पाठ केलं. तुम्ही आलासा, म्हागच्या दारात जाऊन हुब्या राह्यलासा, जाळीकडं बघितलंसा. मग पाय धुतलंसा आणि घटाच्या मातीत पाणी शिपडाय बसलासा. एक अक्षर न्हाय! माझी पाठ केलेली उत्तरं तशीच पोटात राह्यली. दुसऱ्या दिशी न्हाय, तिसऱ्या दिशी न्हाय. उपास हुता तुमचा, म्हटलं बोलायचा बी असंल. कोंबड्या मातूर सुखी. एक बी गेली न्हाय. राखंत लोळायच्या, पाचटाखाली ऊन टाळून बसायच्या, अंडी रोज वाढाय लागली. मी गाणी म्हणत झाडत हुते.

दसऱ्याच्या सकाळी म्होरच्या दारात एक बाई येऊन हुबी राह्यली. वढ्यापल्याडच्या बौद्ध वस्तीतली कुणाचीतरी सून, डोक्यावरनं पांढरा पदर. उंबऱ्याच्या भायरच थांबली आणि तुमच्याकडं बघून म्हणाली, "म्हातारी गेली. तुम्हाला तेवढं सांगा म्हणून सांगून गेलीया." तुम्ही आपट्याची पानं निवडत हुतासा. पानं मांडीवरनं खाली सांडली. तुम्ही उठलासा, पायात वहाणा बी न घालता भायर पडलासा. मी म्हागं, तुमच्या वहाणा हातात घिऊन. मला काय कळंना. तुम्ही चावडीवरनं गेलासा, तालमीवरनं, भर सणाच्या सकाळी, सगळं गाव वट्यावर बसलेलं. एकजण म्हणाला, "म्हातारे, कुठं निघालीस?" तुम्ही सगळ्यास्नी ऐकू जाईल असं म्हणालासा, "वस्तीत." नव्या कपड्यातली माणसं माना वळवून बघत राह्यली.

तिथं तुम्ही तिच्या उशाला बसलासा आणि तिचा हात उचलून आपल्या मांडीवर ठिवलासा. रडला न्हाईसा. तिची सून माझ्याच वयाची. ती माझ्या कानाला लागून म्हणाली, "नऊ दिस अंथरुणाला खिळून, वढ्याकडं तोंड करून निजलीवती. म्हणायची, बाई का आली न्हाय आज? आज बी न्हाय? नीट बघितलंस का ग?" मला वाटलं मला तिथनं कुणीतरी उचलून न्यावं.

येताना बी तुम्ही रस्त्यानंच आलासा. घरात न शिरता म्हागच्या दारात बसलासा, आणि तिथं मग तुम्ही मला सांगितलंसा. मी इचारलं नव्हतं. तुम्ही दोघी एकाच साली ह्या गावात नांदायला आलासा. एकाच पातीला खुरपत हुतासा. तिच्या हाताला गुण हुता, बाळंतपणं करायची, थोरला तिनंच काढला. धाकला आडवा आलता, दोन दिवस अडलीवतीसा, आणि तिनं हात घालून त्याला वळवला. "तुझ्या नवऱ्याला पैल्यांदा हातात घेतलं ते तिनं, मी न्हाय," म्हणालासा. मग त्या लोकांनी धर्म बदलला, गावाची पैल्यापासनंची कामं टाकली, गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि मामंजी म्हणालं, ह्या घरातनं तिकडं कोण जायचं न्हाय आणि तिकडनं हितं कोण यायचं न्हाय. वढ्याकडं भिंत घालाय काढली.

"मला दुसरं काय सुचंना," तुम्ही म्हणालासा. "म्हटलं, देव जातो हितनं."

"आणि मामंजींनी मानलं?"

"बायकोचं कोण ऐकतंय? देवाचं ऐकलं."

मी म्हटलं, "मग फाटकाला का न्हाय म्हणालासा? दोन्हीकडनं उघडणारी कडी चाचांनी केली असती की." तुम्ही पायाची धूळ पुसत म्हणालासा, "फाटक केलं की माणसं इचारत्यात कोण येतंय, कोण जातंय. देवाला कोण इचारत न्हाय." मग जाळीकडं हात केलासा. "आता ती ऱ्हाऊ दे तशीच. चांगली बांधलीयास."

हितं माझं डोकं फिरतंय, आत्याबाई. सतरा वर्सं झाली तरी फिरतंय. मामंजी कवाचं गेलेलं. वस्तीतली पोरं कोल्हापुरात नोकऱ्या कराय लागलीवती, एक गारगोटीला मास्तर झालता. कोण तुमचा हात धरणार हुतं? मी? मी गावाच्या कुठल्या नेमात बसत हुते? नवरा गेलेली, पोर न्हाय, कोंबड्यांम्हागं काठी घिऊन पळणारी. मला सांगितलं असतंसा तर मी म्हणाले असते, त्यास्नी हितं आणा, पाचटाखाली बसा दोघी, मी चा करते. दोन म्हाताऱ्यांनी कोंबड्या राखल्या असत्या तर मुंगसाची काय टाप हुती? पण तुम्ही एका खोट्याला एवढी वर्सं शेंदूर लावलासा की ते खोटं हाय हे तुम्हीच इसरलासा. देवाची वाट म्हणून माझ्या सहा कोंबड्या दिल्यासा, पण मैत्रिणीची वाट म्हणून एक शब्द दिला न्हाईसा. आणि ती बाई तिकडं सुनंला इचारतीया, नीट बघितलंस का म्हणून. ज्या बाईनं माझ्या नवऱ्याला जगात आणलं तिला मी ती मेल्यावर पैल्यांदा बघितलं. ह्याचा राग मी कुणावर काढू? कोंबड्यांवर?

दिवाळीला थोरलं दीर आलं, गाडी घिऊनच आलं. परड्यात हिंडलं, खांब हलवून बघितलं, कोंबड्या मोजल्या, अंड्याचा पोळा खाल्ला, आणि म्हणालं, "बरं हाय की." तुम्ही त्यास्नी म्हणालासा, "हिनं जाळी झ्याक बांधलीया. मुंगूस शिरत न्हाय. कोण म्हंजे कोण शिरत न्हाय." ते खूश झालं. गाडी रिकामी गेली. मला पायजे हुतं ते दार मिळालं, अजून बी माझंच हाय. तुम्ही त्यानंतर तीन वर्सं हुतासा, पण म्हागच्या दारात कवा बसला न्हाईसा. म्होरच्या वट्यावर बसायचासा, आणि कोंबड्यांना दाणं टाकायला सांगितलं की म्हणायचासा, "तुझ्या हायत, तू टाक."

ही वही मी तांदळाच्या डब्यावर ठिवीन, न्हाईतर चुलीत घालीन, अजून ठरलं न्हाय. तुमच्यापतोर पोचवायची सोय पोस्टात न्हाय, आणि असती तरी मी तिकीट लावलं नसतं. कारण एक गोष्ट न सांगता मी हे सगळं लिवलंया, आणि ती वाचून तुम्ही मान वाकडी केली असतीसा.

घट बसायच्या चार दिवस आधी रात्री पाऊस पडून गेलता. सकाळी मी भगदाडापाशी चिखल बघितला. दोन माणसांच्या पावलांचा. एक तुमचं हुतं, डाव्या पायाची करंगळी आत वळलेली. दुसरं कुणा बाईचं. मी तिथं हुबी राहून खुदकन हसले. म्हटलं, म्हातारीचा देव सापडला. कोण ते मला म्हाईत नव्हतं, पण बाईमाणूस हुतं आणि तुम्ही तिला भेटत हुतासा, एवढं मला म्हाईत हुतं. जाळी मी मुंगसासाठी घातली न्हाय, आत्याबाई. निदान नुसती मुंगसासाठी न्हाय. मला तुमच्या तोंडनं काढून घ्यायचं हुतं. तुम्ही एकदा माझ्याकडं येऊन, मान खाली घालून म्हणावं, "पोरी, मला जायचंय, तार सोड," आणि मी म्हणावं, "देवाला कशाला कुणाला इचारावं लागतंय?" असा मोठा खेळ मी मनात मांडलावता. त्यासाठी मी वाट बघत बसले.

तुम्ही नऊ दिवस रोज पहाटं उठून जाळीपतोर गेलासा. तारंला हात लावून थोडा येळ हुब्या राह्यचासा आणि परत यायचासा. चाचांची पक्कड चुलीवरच्या फळीवरच हुती. मी जागी असायची.